खंड, खडीसाखर आणि कँडी

गेल्या दिवाळीत माझ्या दोन्ही नाती, एक मेलबर्नची आणि दुसरी न्यू जर्सीची, आमच्या पुण्याच्या घरी एकत्र आल्या होत्या. धाकटीने लॉली मागितली, म्हणून थोरलीने तिला मोठ्या प्रेमाने काडीवरची गोळी आणून दिली. पण ऑस्ट्रेलियात लॉली म्हणजे कोणतीही गोळी, काडी असो वा नसो, आणि धाकटीला हवी होती ती बरणीतली साधी लिमलेटची गोळी. इंग्लंडमध्ये याच गोळ्यांना स्वीट्स म्हणतात, तर आपल्याकडे ‘स्वीट मार्ट’च्या पाटीखाली पेढे आणि बर्फी मिळते. अमेरिकेत मात्र गोळ्याच काय, चॉकलेटची वडीसुद्धा कँडीत मोडते.

या सगळ्यांत मला अधिक जवळचा वाटतो तो कँडी हाच शब्द, कारण त्याचे मूळ आपल्या दाराशी आहे. संस्कृतातील ‘खंड’ म्हणजे तुकडा, आणि साखरेचा खडाही. तो फारसीत ‘कंद’ झाला, अरबीत ‘कंदी’ झाला आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत पोहोचला. ब्रिटिश इंग्रजीत कँडीचा खडीसाखर हा जुना अर्थ अजून टिकून आहे. (कापसाच्या बाजारात ३५६ किलोंच्या मापाला जी कँडी म्हणतात, ती मात्र आपली ‘खंडी’.)

आपण ज्याला म्हातारीचे केस म्हणतो, त्याचे यंत्र १८९७ मध्ये अमेरिकेतील विल्यम मॉरिसन या दंतवैद्याने जॉन व्हॉर्टन या मिठाईवाल्याबरोबर तयार केले आणि १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात ते ‘फेअरी फ्लॉस’ या नावाने विकले. पुढे अमेरिकेत ‘कॉटन कँडी’ हे नाव रूढ झाले, इंग्लंडमध्ये ‘कँडीफ्लॉस’. जुने अमेरिकी नाव जपले ते ऑस्ट्रेलियाने, आणि म्हणूनच धाकटीच्या तोंडी आजही तेच आहे.

त्या संध्याकाळी मी दोघींपुढे आवळा कँडीची वाटी ठेवली. ‘आजी, ही कँडी नाही, हे तर फळ आहे,’ असे थोरली म्हणाली. तेव्हा मी एक फोड उजेडात धरून तिच्या कडेला चिकटलेले साखरेचे बारीक कण तिला दाखवले आणि वाफवलेल्या फोडी साखरेत कित्येक दिवस मुरवून मग कशा वाळवतात, ते सांगितले. तिने तो कण नखाने खरवडून जिभेवर ठेवला आणि दुसरी फोड उचलली.