पंचेचाळीस माणसं, एक पिशवी

सहलीच्या बसमध्ये केबिनच्या दाराला एक मोठी काळी पिशवी अडकवलेली असते. पुण्याहून निघताना ती रिकामी असते, नाश्त्याला अर्धी होते आणि घाट उतरेपर्यंत क्लीनर दुसरी पिशवी शोधायला लागतो. मी टूर मॅनेजर आहे. त्यामुळे खोल्यांच्या किल्ल्या, कुणाच्या गोळ्या, कुणाचं उपवासाचं आणि ही पिशवी, सगळं माझ्याच खात्यात. आमच्या पॅकेजमध्ये माणशी रोज दोन लिटर सीलबंद पाणी असतं. ४५ सीटची बस भरलेली असली की रोजच्या नव्वद बाटल्या होतात. त्यावर पोह्यांच्या प्लेटा, चिवड्याची पाकिटं, केळ्यांची सालं. हे सगळं एकत्र.

त्या वेळचा ग्रुप कोथरूडच्या एका सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचा होता. कचऱ्याच्या बाबतीत ही सोसायटी भलतीच कडक. ओलं आणि सुकं वेगळं, डायपर वगैरे कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, आवारात गांडूळखताचे खड्डे. त्या खड्ड्यांमुळे महापालिकेच्या मिळकतकरात पाच टक्के सवलत मिळते, हे मला पहिल्याच दिवशी तिघांनी वेगवेगळं सांगितलं. कोकण सहल ठरवताना सिंधुदुर्ग किल्ला आणि तारकर्लीच्या जोडीला वेंगुर्ल्याचा कचरा डेपो दाखवाच, अशी अट त्यांनीच घातली होती. ऑफिसात सगळे हसले. कचरा बघायला पैसे देणारे प्रवासी कुठून आणलेस, म्हणाले.

हसण्यासारखं त्यात काही नाही. वेंगुर्ला छोटं गाव आहे, पण रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना तिथल्या नगरपरिषदेने साध्या डंपिंग ग्राउंडचं लोकांनी मुद्दाम बघायला यावं असं ठिकाण केलं. घराघरातूनच कचरा वेगळा होऊन येतो. डेपोवर त्याचे वीसहून जास्त प्रकार करतात. ओल्यापासून बायोगॅस, बारीक केलेलं प्लास्टिक डांबरात मिसळून रस्त्याला. मी आधी एकदा जाऊन आलो होतो. वास येत नाही, यावरच माझा विश्वास बसला नव्हता.

डेपो बघायला जायची सकाळ होती. मंडळी नाश्ता उरकून हॉटेलच्या फाटकाशी जमली होती, बस लागलेली होती. तेवढ्यात घंटागाडी आली. आमच्या क्लीनरने आदल्या दिवसाच्या दोन पिशव्या खांद्यावर टाकल्या आणि गाडीवर फेकायला गेला. गाडीवरच्या बाईंनी हात आडवा केला. पिशवीचं तोंड उघडून आत बघितलं आणि म्हणाल्या, "असो मिसळलेलो कचरो आमी घेणव नाय. येगळो करून देवा."

क्लीनर माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे होऊन जरा गोड बोलून बघितलं. बस आहे, पाहुणे आहेत, आजच्या दिवस घ्या. बाईंचा आवाज चढला नाही, पण हातही खाली आला नाही. "पुण्यासून इलास ना? मगे तुमका काय शिकवक व्हया?"

हे ऐकून एक काका पुढे आले. निवृत्त बँक अधिकारी, हिशोबाला पक्के. "आम्ही पैसे भरलेत. हे काम कंपनीचं आहे, आमचं नाही." खरं सांगायचं तर त्यांचा मुद्दा मला पटला होता. सहलीला आलेल्या माणसाने उष्ट्या प्लेटा का निवडायच्या? पण घंटागाडीला पुढची घरं होती आणि पिशव्या परत डिकीत टाकल्या असत्या तर उन्हात दुपारपर्यंत आमचीच अडचण झाली असती.

मार्ग काढला तो सोसायटीच्या कचरा समितीच्या काकूंनी. घरी रोज संध्याकाळी गांडूळखताच्या खड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या. त्यांनी माझ्याकडून वर्तमानपत्रं मागून घेतली, फाटकाशी जमिनीवर पसरली, साडीचा पदर खोचला आणि पिशवी उलटी केली. पंचेचाळीस जणांचा आदल्या दिवसाचा संसार तिथे पडला. सोलकढीने भिजलेले पेपर नॅपकिन, कोळंबीची टरफलं आत कोंबलेलं वेफर्सचं पाकीट, आंब्याची कोय, अर्ध्या भरलेल्या बाटल्या. त्या अर्ध्या बाटल्या बघून सगळ्यांनाच कसंसं झालं. आपली कुठली ते कळत नाही म्हणून प्रत्येकाने नवी फोडलेली.

काकूंचा हात मात्र पटापट चालत होता. बाटलीतलं पाणी कुंडीत, झाकण एकीकडे, बाटली चेपून दुसरीकडे. झाकणाचं प्लास्टिक वेगळं, बाटलीचं वेगळं, हे त्या कुणाला समजावत नव्हत्या, नुसतं करत होत्या. वेफर्सच्या पाकिटाला आतून चंदेरी थर असतो, ते भंगारवाला घेत नाही, त्याचा ढीग निराळा. हळूहळू आणखी तिघी बसल्या. मग दोन काका. बँकवाले काका उभेच राहिले, पण उभ्याउभ्या बाटल्या मोजायला लागले.

मध्येच एक वापरलेलं डायपर निघालं. मोठ्या माणसाचं. क्षणभर कुणी बोललं नाही. ग्रुप ज्येष्ठांचा, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारा. काकूंनी वर न बघता कागदाचा एक ताव ओढला, घट्ट गुंडाळलं आणि माझ्या खिशाकडे हात केला. खोल्यांची यादी तपासायला माझ्याकडे लाल पेन असतं. त्यांनी त्यावर ठिपका काढला, बाजूला ठेवलं आणि लगेच कोयींबद्दल काहीतरी बोलायला लागल्या. या धंद्यात माणसं सांभाळणं हेच माझं काम, पण तेवढ्या सफाईने मला ते जमलं नसतं.

घंटागाडीच्या बाई तोवर पुढची दोन घरं करून परत आल्या होत्या. ढीग बघितले, घेतले. शाबासकी वगैरे काही नाही. त्यांच्या दृष्टीने हा रोजचा व्यवहार झाला.

डेपोवर मग मंडळींनी भरपूर फोटो काढले. पण माझं लक्ष बँकवाल्या काकांकडे होतं. त्यांनी तिथल्या माणसाला बाटल्यांच्या गठ्ठ्याचा भाव विचारला, उष्टा कागद कुठे जातो ते विचारलं आणि बसमध्ये बसताना मला म्हणाले, "घरी हे सगळं मी रोज करतो हो. इथे आल्यावर सुचलंच नाही."

सुचत नाही याचं कारण मला तरी आळस वाटत नाही. पुण्यात रोज सकाळी दारात 'स्वच्छ'ची ताई येते. कचरा वेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून घरोघर जाते. ओल्यात काच सापडली तर ताई बेल वाजवून परत येते आणि चार शेजाऱ्यांसमोर विचारते. घरात दोन बादल्या असतात, त्यांची जागा ठरलेली असते. बसमध्ये एक पिशवी आणि ती उचलणारा अनोळखी क्लीनर. सवय माणसाच्या अंगात असते असं आपण म्हणतो, पण तिचा बराचसा भाग त्या बादलीत आणि त्या बेलमध्ये असतो.

उटीच्या सहलींमुळे माझं हे मत आणखी पक्कं झालंय. नीलगिरीत शिरताना चौकीवर प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या काढून घेतात. आमचेच प्रवासी, पण तिथे घरून स्टीलच्या बाटल्या आणतात. आणि सरकारी दारूच्या दुकानात बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात, रिकामी परत केली की ते मिळतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये हे सुरू झालं. एरवी खोलीच्या पलंगाखाली सापडणाऱ्या त्या बाटल्या तिथे आमची सज्जन मंडळी टॉवेलात गुंडाळून दुकानापर्यंत नेतात. दहा रुपयांसाठी! पाच हजारांच्या खोलीत राहणारी माणसं.

वेंगुर्ल्याचा परिणाम किती टिकला? शिरोड्याच्या किनाऱ्यावर त्या दिवशी कुणी कागद टाकला नाही. बसमध्ये काकूंनी दुसरी पिशवी लावून घेतली आणि झाकणांसाठी चिवड्याचा रिकामा डबा. पण पुढे गोव्याला पोचलो, खरेदी सुरू झाली, कंपनीने दुपारचं जेवण खोक्यातून दिलं आणि संध्याकाळी बघतो तर दोन्ही पिशव्यांत सारखंच. काकू समोरच्या सीटवर झोपल्या होत्या. मी उठवलं नाही.

परत आल्यावर ऑफिसात मी बाटल्यांऐवजी वीस लिटरचे जार ठेवायची गोष्ट काढली. साहेब म्हणाले, ग्राहकाला सीलबंद लागतं, कुणाचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण? ड्रायव्हर म्हणाला, डिकीत पंचेचाळीस बॅगा बसवून दाखवा, मग जारचं बोला. दोघांचंही खोटं नाही. मला दोन पिशव्या लावायची परवानगी मिळाली, हिरवी आणि निळी, आणि निघण्याआधीच्या सूचनापत्रात एक ओळ: घरची बाटली आणा, हॉटेलवर भरून मिळेल. निम्मे लोक आणतात. बँकवाल्या काकांनी अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलं होतं, जे प्रवासी बाटल्या घेत नाहीत त्यांना तेवढी रक्कम वजा करून द्यावी. तो फॉर्म अकाउंट्सकडे अजून पडून आहे.