आत्याचा मोतीबिंदू: मंगळवेढा ते सोलापूर, दोन फेऱ्या

सकाळी सहाची एसटी. आत्या ७६ वर्षांची, त्यामुळे तिचं तिकीट शून्य रुपयांचं. कंडक्टरने आधार मागितलं. ते पिशवीच्या तळाशी, वर भाकरी आणि शेंगाचटणी. आधार वरच ठेवा, दिवसभर तेच लागतं.

पिशवीत आयुष्मान वय वंदना कार्डही होतं. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कोणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी ते मिळतं. ते काढताना सेवा केंद्रात आत्याचा अंगठा चारदा नापास झाला. जन्मभर खुरपं धरलेल्या हाताच्या रेषा उमटणार कुठून? केंद्रातला पोरगा म्हणाला, डोळे स्कॅन करू. “डोळं धड असतं तर कार्ड काढाय कशाला आले असते रं?” शेवटी ओटीपीने भागलं. तुमच्या माणसाच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलाय का, हे घरीच बघून निघा.

कार्ड आहे म्हणजे काम झालं, या समजुतीत आमची पहिली फेरी वाया गेली. खासगी रुग्णालयाच्या दारातच आयुष्मान योजनेचा मोठा फलक होता. तपासणी झाली, थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आणि मग काउंटरवर कळलं: रुग्णालय योजनेत आहे, पण मोतीबिंदू त्यांच्या यादीत नाही. “पैसे भरा, उद्या करून टाकू.” सगळं धूसर दिसणारी आत्या माझा दंड धरून जिना उतरली. थेंब घालण्याआधी हे एक वाक्य सांगायला काय जात होतं?

तेव्हा फोनवर ‘तुम्ही योजनेत आहात का’ एवढंच विचारू नका. ‘मोतीबिंदू तुमच्याकडे योजनेतून होतो का, आणि भिंग कुठलं बसवता’ असं विचारा. रुग्णालयात योजनेच्या मदतीला बसणाऱ्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर योजनेची हेल्पलाइन १४५५५ लावा. शस्त्रक्रियेआधी मंजुरी यावी लागते. आधी खिशातून भरू, मग पावत्या लावू, हा मेडिक्लेमचा हिशेब इथे चालत नाही.

दुसऱ्या फेरीत धर्मादाय नेत्ररुग्णालयात गेलो. तिथे पैसा वेगळ्याच खिशातून येतो: १९७६ पासून चालू असलेला राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम. त्यातून संस्थेला एका शस्त्रक्रियेमागे २००० रुपये अनुदान. आयुष्मानच्या २०१८च्या पहिल्या दरपत्रकात घडीच्या भिंगासह फेकोला, म्हणजे बारीक छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याला, ७५०० आणि साध्या भिंगाच्या शस्त्रक्रियेला ५००० होते. दोन हजारांत भिंग, औषधं, माणसांचे पगार कसे बसवता, असं हिशेब बघणाऱ्या काकांना विचारलं. “बसत नाहीत. उरलेलं देणगीदार बघतात, आणि सरकारचे येतील तेव्हा येतील.” म्हणूनच इथे घडी न होणारं साधं भिंग मिळतं. आत्याला आपल्या शेळ्या ओळखायच्यात. मला ते पुरेसं वाटलं. आम्हाला एक रुपयाही भरावा लागला नाही.

सोबत रक्तदाब-साखरेच्या गोळ्या आणि जुने कागद न्या. साखर वाढलेली निघाली तर तारीख पुढे जाते. आदल्या दिवशी डोकं धुऊन घ्या, नंतर काही दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. काळा चष्मा आत जाण्याआधीच खिशात असू द्या. आम्ही तो बाहेर रस्त्यावर घेतला, आणि आत्या येईपर्यंत एक काच निसटली.

दुसरा डोळा दिवाळीनंतर. आत्याची एकच अट आहे: सहाची एसटी नको.