पन्हाळा ते पावनखिंड: चाकूला दोरी का बांधावी

आषाढातल्या पावसात पन्हाळ्याहून पावनखिंडीला चालत जायचं, तर अंगावरची प्रत्येक वस्तू भिजणार हे धरूनच निघायचं. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले आणि दुसऱ्या दिवशी बाजीप्रभूंनी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, शत्रूला रोखून धरलं. त्या आठवणीनं दरवर्षी जुलैत कितीतरी लोक ही वाट चालतात, वाटेची वर्णनंही भरपूर मिळतात. म्हणून वाट थोडक्यात सांगतो आणि जिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही त्या गोष्टीबद्दल सविस्तर लिहितो: चाकूच्या मुठीला बांधायची दोरी, म्हणजे लॅनयार्ड.

निघण्याआधी कोल्हापुरात थोडा वेळ असेल तर न्यू पॅलेसचं संग्रहालय बघा. तिथल्या तलवारींच्या मुठींकडे नीट पाहा. आपल्याकडच्या तलवारीच्या मुठीवर गोल कटोरी असते आणि तिच्या टोकाला पुष्कळदा आरपार भोक असतं. ते दोरी ओवण्यासाठी. घोड्यावर बसून लढताना हातातून निसटलेली तलवार खाली उतरून उचलणं शक्य नसतं. जहाजावरचे खलाशीही चाकू दोरीनं अंगाला बांधून ठेवत, कारण समुद्रात पडलेला चाकू परत मिळत नाही. आजच्या घडीच्या चाकूला शेवटी जे छोटं भोक असतं, त्यामागे हीच गरज आहे.

शहरात मात्र चाकू कमरेला लावून फिरू नका. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना तो लॉजवरच ठेवा. सणासुदीला किंवा तणावाच्या काळात पोलिसांचे मनाई आदेश निघतात आणि त्यात शस्त्रं बाळगायला बंदी असते. शस्त्र कायद्याच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा वेगळा उल्लेख आहे. घरगुती आणि शेतीची अवजारं त्यातून वगळली आहेत. ट्रेकला तीन-साडेतीन इंचांचं पातं पुरतं. एसटीत तो सॅकच्या तळाशी राहू द्या.

कोल्हापूर ते पन्हाळा साधारण २० किलोमीटर, आणि तिथून पावनखिंड जवळजवळ ५० किलोमीटर चालत. गड उतरून म्हसाई पठारावर चढलो तेव्हा दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. न्याहारीला काकडी-कांदा चिरायला बसलो आणि दोरीचा पहिला उपयोग कळला. गवतात ठेवलेला काळ्या मुठीचा चाकू धुक्यात दिसतच नाही. आमच्या चाकूला भगव्या रंगाची दोरी होती, म्हणून उठताना तो मागे राहिला नाही. हिरवी, काळी किंवा लष्करी ठिपक्यांची दोरी देखणी दिसते, पण या वाटेवर तिचा काही उपयोग नाही. भगवी, लाल किंवा पिवळीच घ्या.

खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी या पट्ट्यात भाताची रोप लावण चालू होती. बांधावर एका मावशींच्या खुरप्याच्या मुठीला लाल चिंधी गुंडाळलेली दिसली. विचारलं, तर म्हणाल्या, “चिखलात पडलं की गावत न्हाई बाळा. चिंधी असली की लगेच दिसतंय.” ज्याला आम्ही बाहेरचं, आधुनिक काहीतरी समजतो ती अक्कल या शिवारात आधीपासूनच आहे, याचा मला मनापासून आनंद झाला.

पुढं एका ओढ्यात सोबत्याचा चाकू गेला. अडकलेली दोरी कापून झाल्यावर त्यानं तो ओल्या हातानं खिशात सरकवला, आणि तो खिशात न जाता पाण्यात पडला. गढूळ, ओढीच्या पाण्यात शोधायला उतरणं धोक्याचं, म्हणून सोडून दिला. पाण्यावर काम करायचं असेल तेव्हा चाकू कमरपट्ट्याला लांब दोरीनं बांधा. दोरी किती लांब? हात पूर्ण पसरला की ताण येईल इतकीच. त्याहून लांब ठेवली तर निसटलेला चाकू पायाशी लोंबकळतो. काम संपलं की ती दोरी सोडा. उघडं पातं मांडीजवळ झुलत असणं हे चाकू हरवण्यापेक्षा वाईट. गळ्यात अडकवणं तर चढ-उताराच्या वाटेवर अजिबात नको. करवीच्या जाळीत दोरी अडकली आणि पाय घसरला, तर गळ्यालाच फास बसेल.

रोजच्या वापराला मात्र आखूड फासाच पुरे. दुहेरी करून चार बोटं भरेल इतकी, साधारण ८-१० सेंटिमीटर. रेनकोटखालच्या खिशातून गारठलेल्या बोटांनी चाकू काढताना तेवढं टोक बाहेर असलं की काम होतं. छोट्या चाकूची मूठ तीनच बोटांत मावते, तिथं करंगळीला धरायला ही दोरी मिळते आणि पकड पक्की होते. दोरी दुहेरी करून भोकातून ओवा, मोकळी टोकं त्याच फाशातून काढून ओढा आणि शेवटी एक जाड गाठ मारा. ती गाठ मुठीत छान बसते. घडीचा चाकू मिटताना दोरी पात्याखाली आली नाही ना, तेवढं बघत जा.

जड कोयत्याचं गणित वेगळं. जोरानं मारायच्या अवजाराची दोरी मनगटात घट्ट अडकवू नका. कोयता निसटला तर दूर जाऊन पडण्याऐवजी दोरीमुळे वळून तुमच्यावरच येतो. दोरी लावायचीच असेल तर फासा अंगठ्यात अडकवून हाताच्या मागच्या बाजूनं घ्यावा, म्हणजे अंगठा सोडला की हात मोकळा.

दुसऱ्या दिवशी एकाच्या बुटाचा तळवा सुटला. पावसाळी ट्रेकमध्ये हे हमखास होतं. चाकूला गोफासारखी विणलेली लांब दोरी होती, ती उकलून बूट बांधला आणि गडी खिंडीपर्यंत चालला. पण पावसात तो गोफ उकलायला बराच वेळ गेला. त्यामुळे माझं मत असं, की विणकामाच्या फंदात न पडता चाकूला आखूड साधा फासा ठेवावा आणि मीटरभर दोरी सॅकला वेगळी गुंडाळावी.

दोरी नायलॉनची पॅराकॉर्ड, म्हणजे पॅराशूटला असते तसली विणलेल्या वेष्टनाची बारीक दोरी, घ्या. सुती दोरी भिजली की गाठ फुगते, सुटत नाही, आणि पुढं कुजते. सुमारे ४ मिलिमीटर जाडीची, ५५० पौंडांची, म्हणजे अंदाजे २५० किलो ताण सोसणारी पॅराकॉर्ड मिळते. टोक कापून बघा, आत सात पदर हवेत. स्वस्त मालात ते कमी असतात. हेच पदर सुटे काढून सॅकचा पट्टा किंवा रेनकोट शिवता येतो. कापलेलं टोक लायटरनं वितळवून घ्या. अंगाला बांधलेल्या दोरीनं दरीच्या कडेला कुणी लोंबायचा विचार मात्र करू नये, ती चढाईची दोरी नव्हे.

पांढरपाणी गावाहून खिंडीत उतरताना दगड शेवाळलेले असतात. तिथं दोन्ही हात मोकळे हवेत, चाकू आत ठेवून टाका. पुढं विशाळगडावर जायचं असेल तर गडावर मनाई आदेश लागू आहे का, हे आधी विचारून घ्या. परतीला मलकापूरमार्गे कोल्हापूरची गाडी धरायची, पण पावसात गाड्यांचा भरवसा नसतो, म्हणून आसपासच्या गावातली जीप आधीच सांगून ठेवा.

घरी आल्यावर दोरी सोडून साबणाच्या गरम पाण्यात धुवा, कारण कांद्याचा आणि चिखलाचा वास तिच्यात मुरलेला असतो. चाकू पुसून भोकाच्या आत तेलाचा एक थेंब सोडा. गंज धरतो तो आधी तिथंच, ओल्या दोरीखाली. दोन्ही पूर्ण वाळल्यावरच दोरी परत ओवा.