बल्ब नाही, वायर

"दादा, बल्ब चांगलाय. त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाही."

वायरमनने मीटर लावून दाखवलं. बॅटरीवर 12.6 व्होल्ट, हेडलाइटच्या होल्डरवर 10.7. हेडलाइट मंद पडतात म्हणून मी 100 वॅटचे बल्ब घेऊन गेलो होतो; म्हणाला, होल्डर वितळला असता.

बाबांची 1998 ची गाडी. दोन्ही हेडलाइटचा नऊ-दहा अँपिअरचा भार इतकी वर्षं बारीक वायरी आणि स्विच सोसत होते. आता रिले बसवलाय. स्विच फक्त इशारा देतो, करंट फ्यूजमधून जाड वायरीने थेट बॅटरीहून येतो. बल्ब तेच जुने, 60/55 वॅटचे.

रात्री ताम्हिणीत कडेची पांढरी रेघ लख्ख दिसली.

बाबा शेवटी शेवटी रात्री गाडी काढायचेच नाहीत. आम्ही त्यांचे डोळे तपासले, चष्मा बदलला. वायर तपासायचं कुणालाच का सुचलं नाही?