आमची वाटचाल : वैनगंगेवर, आपल्याच वल्ह्यानं

नागपुरातून बायकांसाठी कनूच्या, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या लांबट उघड्या नावेच्या, मुक्कामी सहली नेतो असं सांगितलं की समोरून हमखास विचारणा होते, "अंबाझरीला का?" अंबाझरी, फुटाळा हे तलाव. तिथं फेरी होते, प्रवास होत नाही. आम्हाला वाहती नदी हवी होती. शहरातली नाग नदी सगळं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे अंभोऱ्याला वैनगंगेत जाते. अंभोरा फार देखणं आहे. पाच नद्यांचा संगम, चैतन्येश्वराचं देऊळ, समोर गोसीखुर्द धरणाचं अथांग पाणी. पण ज्या पाण्यात "घाबरू नका, पडलात तर तरंगत राहा" असं बायकांना सांगायचं, ते नागपूरचं सांडपाणी मिसळण्याआधीचं असावं, यावर आमचं दोघींचं एकमत होतं. म्हणून मार्ग ठरला तो संगमाच्या बराच वर, तुमसर-मोहाडीच्या बाजूनं, माडगीच्या खालून कारध्याच्या दिशेनं. शनिवारी पहाटे नागपूर सोडायचं, रात्री नदीकाठी मुक्काम, रविवारी संध्याकाळी घरी.

आम्ही दोघी म्हणजे मी आणि माझी नणंद. वल्हं मारायला मी भोपाळच्या बड्या तलावावर शिकले, तिला मी शिकवलं. ती हिशेबाची पक्की आहे आणि पाण्यात माझ्यापेक्षा शांत.

पहिली अडचण होती ती नाव मिळवण्याची. बाहेरून मागवलेली कनू आमच्या खिशाला झेपणारी नव्हती. हिंगण्याच्या एमआयडीसीत फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारे एक कारागीर होते, त्यांच्याकडे चित्रं आणि मापं घेऊन गेलो. सोळा फूट लांब, दोघींनी उचलून रेतीवरून नेता येईल एवढंच वजन, आणि दोन्ही टोकांना आत फोमचे बंद कप्पे. फोम कशाला, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. पहिली नाव तयार झाली तेव्हा आम्ही ती तळ्यात काठोकाठ पाण्यानं भरली, आणि तशा भरलेल्या नावेत आम्ही दोघी बसून राहिलो. नाव पाण्याच्या पातळीला टेकली, पण बुडाली नाही. मग त्यांना फोमचं कारण सांगावं लागलं नाही. पुढच्या सगळ्या नावांचे कप्पे त्यांनी स्वतः दोनदा तपासून दिले.

आता मुख्य गोष्ट. कनूत दोघी बसतात. पुढची जोर लावते, मागची दिशा देते. कयाकसारखं दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं इथं नसतं, एकाच पात्याचं असतं, आणि नाव सरळ ठेवणं हे मागच्या बाईच्या मनगटात असतं. वल्हं मागे ओढून झालं की शेवटी पातं बाहेरच्या बाजूला थोडं वळवायचं, नाहीतर नाव गोल फिरते. हे शिकायला एक सकाळ लागते. आमचा नियम पहिल्यापासून असा की प्रत्येक बाईनं निदान अर्धा दिवस मागच्या जागेवर बसायचंच. सवलत नाही.

या नियमापायी धंदा बुडेल असं आम्हाला अनेकांनी सांगितलं. एका मोठ्या कार्यालयानं महिला कर्मचाऱ्यांसाठी सगळ्या नावा मागितल्या होत्या, अट एकच, प्रत्येक नावेत नावाडी हवा, बायका फक्त बसतील. पैसे चांगले होते. आम्ही नाही म्हटलं. बसून फिरायची सोय विदर्भात भरपूर धरणांवर आहे, त्यासाठी आमची गरज नाही. आमच्याकडे येणाऱ्या बायका घरात, शाळेत, दवाखान्यात, बँकेत सगळं ओढतच असतात. जोर लावणं त्यांना नवं नाही. कुठं जायचं ते ठरवणं मात्र बऱ्याच जणींच्या वाट्याला आलेलं नसतं.

एकदा एक सासू-सून एकाच नावेत होत्या. सासूबाई साठीच्या पुढच्या, सून शिक्षिका. सासूबाईंची पाळी मागे बसायची आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला नको गं, तूच सांभाळ." सुनेनं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. सून पुढे जाऊन बसली आणि पाठ करून म्हणाली, "आई, तुम्ही सांगा, मी मारते." पुढचा तासभर नाव नागमोडी गेली, दोनदा रेतीला लागली. सासूबाई ओरडत होत्या, "डावीकडे! अगं डावीकडे मार!" दुपारी काठाला लागल्यावर त्यांनी वल्हं खाली ठेवलंच नाही, हातात धरूनच जेवायला आल्या.

नदी शिकवली ती मात्र आम्हाला ढिवर बायकांनी. वैनगंगेच्या काठची ही मासेमारी करणारी माणसं. हिवाळा सरला, पाणी उतरलं की याच रेतीत ते डांगरवाडी लावतात, टरबूज-खरबुजाच्या. मासे विकणं, वाडी राखणं बायकांकडे, डोंगा, म्हणजे मासेमारीची होडी, पुरुषांकडे, अशी आमच्या मुक्कामाच्या गावातली रीत. आम्ही त्यांच्यातल्या दोघींना विचारलं, याल का सोबत? त्यांतली थोरली माझ्या नावेत बसली, पंधरा मिनिटं गप्प राहिली आणि मग म्हणाली, "काहून मधातून चालली बाई? वळणाच्या बाहेरून घे, तिकडं खोल आहे." वळणाच्या आतल्या अंगाला रेती साचते, बाहेरच्या अंगाला धार काठ खाते, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. ती मात्र पाण्याच्या रंगावरून आणि लाटेच्या सुरकुतीवरून हातभर पाणी आहे की पुरुषभर, ते सांगायची. आम्ही त्यांना पाण्यात पडलेलीला ओढून घ्यायची दोरीची पिशवी फेकायला, उलटलेली नाव दुसऱ्या नावेवर आडवी ओढून रिकामी करायला शिकवलं. देवाणघेवाण बरोबरीची झाली.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. डिसेंबरच्या सकाळी पाण्यावर इतकं धुकं असतं की पुढची नाव दिसत नाही, तेव्हा आम्ही शिट्टीच्या आवाजावर चालतो. चक्रवाकांच्या जोड्या रेतीवर असतात, नशीब असेल तर पाणमांजरं दिसतात. वारा दुपारनंतर उठतो आणि उघडी कनू वाऱ्याला फार दाद देते, म्हणून वल्ही मारायची ती दुपारपर्यंतच.

तंबू रेतीवर लावायचा मोह सगळ्यांना होतो. मऊ, सपाट, पाण्याला लागून. आम्ही लावत नाही. वर मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात संजय सरोवर हे धरण आहे, मध्ये बॅरेज, म्हणजे दारांचे बंधारे, आहेत, आणि २०२०च्या ऑगस्टअखेर वरून सोडलेल्या पाण्याच्या पुरानं भंडारा शहरात काय केलं ते इथल्या प्रत्येक घराला आठवतं. तो पावसाळा होता, आमचा हंगाम कोरडा, तरी निघण्याआधी विसर्गाची चौकशी होते आणि तंबू वरच्या दरडीवरच लागतात. बंधारा असेल तिथं नावा काठानं उचलून न्यायच्या, भिंतीवरून कधीच नाही. खाली पडणारं पाणी जागच्या जागी फिरतं आणि लाइफ जॅकेट घातलेल्या माणसालाही सोडत नाही.

रेतीचं एक दुःख आहे. आमचा पहिला मुक्काम होता तो काठ आता नाही. एका उन्हाळ्यात तिथली रेती उपसून नेली, दरडीला ट्रकचा रस्ता झाला, पाण्यात अचानक खोल खड्डे झाले. सगळं परवानगीनं झालं की विनापरवानगी, हे विचारायला आम्ही गेलो तेव्हा सरळ उत्तर मिळालं नाही. डांगरवाडीही गेली, आणि ज्यांची वाडी होती त्यांना आमच्यापेक्षा जास्त लागलं. आता आम्ही प्रत्येक हंगामाआधी सगळा मार्ग रिकाम्या नावेनं पुन्हा पाहतो.

बहुतेक फोन मात्र नदीबद्दल नसतात. ते "बाथरूमचं काय?" इथून सुरू होतात, आणि तो प्रश्न योग्यच आहे. उघड्यावर जावं लागेल या एका धास्तीनं बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि उन्हात वल्ही मारताना ते धोक्याचं. आमच्याकडे उंच, बंद तंबू असतो, आत झाकणाची बादली, शेजारी लाकडाचा भुसा, कंदील आणि आतून लागणारी चेन. पॅडसाठी वेगळी बंद पिशवी. सगळं परत येतं, नदीकाठी काही पुरत नाही. पाळी आली म्हणून सहल रद्द करू नका, हे आम्ही फोनवर स्वतःहून सांगतो.

रात्री रोडगे असतात. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, तुपात बुडवलेले, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. हिवाळ्यात उघड्यावर याहून चांगलं जेवण विदर्भात नाही, असं माझं ठाम मत आहे.

पैशाचं बोलायचं तर पहिली वर्षं आमच्या बचतीवर निघाली. राज्याचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ला आलं, नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी लेखी झाल्या. आमच्यासारख्या लहानांना कागदपत्रं जड जातात, पण लाइफ जॅकेटशिवाय बायकांना पाण्यावर नेणारे पाहिले की अटी हव्यातच असं वाटतं. २०२३ला महिलांसाठी 'आई' धोरण आलं, त्यात पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बाईनं घेतलेल्या १५ लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मैत्रिणींनी ते जरूर वाचावं. नणंदेनं ते माझ्या आधी वाचलं, हे सांगायला नकोच.

या डिसेंबरपासून एक बदल आहे. काही सहली आमच्या दोघी ढिवर सहकारी स्वतंत्रपणे नेणार आहेत, मी आणि नणंद सोबत नसू. नोंदणीच्या कागदावर प्रमुख मार्गदर्शक म्हणून त्यांचीच नावं आहेत, मानधनही आमच्याइतकंच. कुणाला आमच्याबरोबरच यायचं असेल तर तारखा वेगळ्या आहेत. पण माझं ऐकाल तर आधी त्यांच्याबरोबर जा.