ट्राममधली जागा

२८ नोव्हेंबर, रात्री

काल ट्राममध्ये माझी मनू खालच्या मजल्यावरच्या आजींच्या शेजारून उठली. एवढंच झालंय. गर्दी नव्हती, उतरायला अजून चार थांबे होते. आजींनी नेहमीसारखी पर्समधून बडीशेपेच्या गोळ्यांची डबी काढून पुढे केली. मनू "नको" म्हणाली, उठली आणि माझ्या बाकाशी येऊन दांडा धरून उभी राहिली. तिच्या जॅकेटच्या कॉलरला पेपरक्लिप होती. आजींची नजर आधी त्या क्लिपवर गेली. मग त्यांनी डबी बंद केली. तिचं झाकण टक्कन लागलं, तो आवाज अजून कानात आहे.

दुसऱ्या कुठल्या गावात मूल असं उठलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. ऑस्लोत ट्राममधल्या जागेला अर्थ आहे. जर्मनांनी नॉर्वे घेतला त्या वर्षांत लोक असेच उठायचे. शेजारी जर्मन शिपाई किंवा जर्मनांना सामील झालेल्या क्विसलिंगच्या पक्षाचा माणूस येऊन बसला की काही न बोलता उठायचं आणि रिकामी जागा सोडून उभं राहायचं. ते इतकं वाढलं की जागा असताना उभं राहणं हाच गुन्हा ठरवणाऱ्या सूचना लागल्या. पेपरक्लिपही तेव्हाचीच. १९४० च्या शरद ऋतूत विद्यापीठातल्या मुलांनी ती कॉलरला लावायला सुरुवात केली. कागद जसे एकत्र धरून ठेवते तसे आपण एकत्र, असा त्याचा अर्थ. पुढे तिच्यावरही बंदी आली.

परवा, २६ तारखेला, मनूच्या वर्गाला बिग्डोयला नेलं होतं, क्विसलिंग राहायचा त्या बंगल्यात. आता तिथे ज्यूंच्या संहाराचा अभ्यास करणारी संस्था आणि संग्रहालय आहे. क्लिपा तिथून आल्यावर लावल्या. त्यात काही गैर नाही. शिकवतात ते योग्यच शिकवतात.

गैर मी केलंय.

रात्री जेवताना मनूने विचारलं, "आई, क्विसलिंगला मराठीत काय म्हणायचं?" मी भाकरी थापत होते. "सूर्याजी पिसाळ" म्हणून मोकळी झाले. थांबायचं होतं ना तिथेच! पण मी पुढे म्हणाले, "खालच्या आजींचे बाबा त्याच पक्षात होते." का म्हणाले? तिने विचारलं नव्हतं. आजींनी ते मला सप्टेंबरात कॉफी पिताना सांगितलं होतं, ऐंशी वर्षं पोटात ठेवलेलं. मी ते भाकरीच्या पिठाच्या हातांनी पोरीच्या ताटात वाढलं.

तेव्हा त्या फार बोलल्याही नव्हत्या. "बाबा पक्षात होते. एक्केचाळीसपासून." मग बराच वेळ गप्प. मग १९४५ च्या मे महिन्याबद्दल सांगितलं. सगळी गल्ली झेंडे घेऊन बाहेर आली होती आणि या घरात पडदे ओढून बसल्या होत्या, वय वर्षं नऊ. वडिलांना इलेबूच्या छावणीत नेलं. ते म्हणजे ग्रिनीच. जर्मनांनी जिथे नॉर्वेच्या देशभक्तांना डांबलं तीच जागा. युद्ध संपल्यावर नाव बदललं आणि आत पक्षवाले गेले. शाळेत शेजारी कोण बसायचं, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायची गरजच नव्हती.

मी का सांगितलं?

दिवसभर स्वतःला समजावून झालं की मुलीला खरं कळायला हवं. हे पूर्ण खरं नाही. माझ्याकडे एक गोष्ट होती आणि मला ती सांगायची होती, एवढंच. इतक्या वर्षांत या इमारतीत एक माणूस आपलं म्हणावं असं मिळालं. मनूला ताप असला की आपणहून वर येणारं, माझं मोडकं नॉर्वेजियन न हसता ऐकून घेणारं. तेही मी माझ्याच तोंडाने घालवलं. आईला फोन करून सांगावं म्हटलं, पण वाईत तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. दुपारी नुसती रडले. कशासाठी, कुणासाठी, नीट सांगता येणार नाही.

आणि तो शब्दही काय सुचला! वाईची मुलगी मी. सातवीत आमच्या वर्गात पिसाळ आडनावाची मुलगी होती. बाईंनी रायगडचा पाडाव शिकवला. १६८९, संभाजीराजांची हत्या झालेली, गड मोगलांच्या हाती गेला, येसूबाई आणि लहानगे शाहू कैद झाले. वाईच्या देशमुखीसाठी सूर्याजीने फितुरी केली, असं सांगितलं. गड खरंच फितुरीने गेला की तह करून दिला, यावर अभ्यासकांत वाद आहे, हे मी फार नंतर वाचलं. त्या दिवशी तास संपेपर्यंत सगळा वर्ग वळून वळून तिच्याकडे बघत होता. ती कर्कटकाने बाकावर रेघ ओढत होती, एकाच जागी, पुन्हा पुन्हा, लाकडाचा भुसा निघेपर्यंत. दहावीपर्यंत तिला कुणी नावाने हाक मारली नाही. मीही नाही.

क्विसलिंगचं तर दहा दिवसांत झालं. ९ एप्रिल १९४० ला जर्मन आले, त्याच संध्याकाळी त्याने रेडिओवर स्वतःला पंतप्रधान जाहीर केलं. १९ एप्रिलला लंडनच्या टाइम्सने त्याचं आडनाव सामान्य नाम करून छापलं. हाच माणूस १९२२ मध्ये नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेन याच्या हाताखाली युक्रेनमधल्या खारकीवला दुष्काळाचं काम करत होता, उपाशी लोकांना धान्य पोचवत होता. हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं. त्याने काही सुटका होत नाही त्याची. पण माणूस जन्मतः शिवी नसतो, एवढं मनात राहिलं.

त्याच्या राज्याला राज्य तरी काय म्हणायचं! खरी सत्ता टेरबोफेन या जर्मन कमिसारकडे. त्याने १९४० च्या सप्टेंबरात बाकी सगळे पक्ष बंद करून एकच ठेवला, क्विसलिंगचा. १ फेब्रुवारी १९४२ ला आकेरहूस किल्ल्यात समारंभ करून त्याला 'मंत्री-अध्यक्ष' केलं. पाटी त्याची, पण हुकूम वरचा. आणि पाटी मिळाल्यावर त्याने पहिला हात घातला तो शाळांवर. चारच दिवसांत कायदे. सगळे शिक्षक त्याच्या संघटनेत आणि सगळी मुलं त्याच्या युवक दलात. १४ हजारांपैकी सुमारे १२ हजार शिक्षकांनी एकाच मजकुराची पत्रं पाठवली, प्रत्येकाने आपापल्या सहीने, की हे माझ्या सदसद्विवेकाला पटत नाही. मग जळण नाही असं सांगून शाळा बंद केल्या. तेव्हा आईबापांनी पत्रांचा पाऊस पाडला. हजारभर शिक्षक पकडले, त्यातल्या सुमारे ५०० जणांना बोटीत कोंबून पार उत्तरेला, किर्केनेसला कामाला जुंपलं. तरी बाकीचे वाकले नाहीत. मे महिन्यात क्विसलिंग स्वतः स्टाबेकच्या शाळेत जाऊन शिक्षकांवर ओरडला की तुम्ही माझं सगळं मातीत घातलंत. संघटना झालीच नाही.

माझी आई शिक्षिका. हे वाचताना मला दर वेळी तीच दिसते, चष्मा पुसून, ओळ वाकडी न जाऊ देता सही करणारी.

आणि आजींचे बाबा दुसऱ्या बाजूला. ३० लाखांच्या देशात पक्षाचे सभासद जास्तीत जास्त ४३ हजारांच्या आसपास गेले. त्यातले ते एक. का गेले असतील? नोकरीसाठी? बोल्शेविकांच्या भीतीने? की मनापासून पटलं म्हणून? मला हे ठरवता येत नाही, आणि ठरवावं असंही वाटत नाही. पण त्यांना गरीब बिचारे म्हणायला जीभ रेटत नाही. कारण २६ नोव्हेंबर १९४२ ची पहाट आहे ना. मनूला तिथे तेच दाखवलं. घराघरांतून ज्यू बायकामुलांना उचलायला आले ते नॉर्वेचेच पोलीस होते. न्यायला याच शहरातल्या १०० च्या आसपास टॅक्सी घेतल्या होत्या. बंदरात 'डोनाऊ' ही बोट उभी होती. ५०० हून अधिक माणसं तिच्यातून गेली, आउशवित्झच्या मृत्यूछावणीकडे. परत आली ती दहासुद्धा नाहीत. त्याआधी कुणीतरी फॉर्म भरून घेतले होते, कुणीतरी ओळखपत्रांवर शिक्के मारले होते, कुणीतरी नीट अक्षरात याद्या केल्या होत्या. मनू म्हणाली, "आई, त्यांना टॅक्सीने नेलं. टॅक्सीने!" तिला त्या शब्दाचाच धक्का बसलाय. मलाही.

म्हणजे मनू उठली ते चुकीचं म्हणू का? ज्या दिवशी तिने ते पाहिलं त्याच रात्री मी तिच्या हातात एक माणूस दिला, पत्त्यासकट. तिने जे शिकली ते केलं. पण आजी तेव्हा सहा वर्षांच्या होत्या. सहा.

हे मी तिला आज सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "मग तू मला कशाला सांगितलंस?" उत्तर नव्हतं. डबा भरून दिला.

संध्याकाळी कपाट आवरताना टोपी हाताला लागली. आजींनी तीन वर्षांपूर्वी विणून दिलेली, लालभडक, लोकरीची. तेव्हा म्हणाल्या होत्या, "माझ्या लहानपणी मला लाल टोपी नव्हती." मला वाटलं, युद्धाचे दिवस, लोकर मिळत नसेल. आज ती हातात धरून बसले आणि मग आठवलं. त्या हिवाळ्यात लोक मुद्दाम लाल टोप्या घालायचे, तोही निषेधच होता, आणि २६ फेब्रुवारी १९४२ पासून त्यांच्यावर बंदी आली. गल्लीतल्या पोरांकडे लाल टोप्या असतील. त्यांच्या घरात कशी असणार?

मनूला दाखवली. तिने उलटीसुलटी करून पाहिली, काही बोलली नाही. दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

आता मला तेवढं जड वाटत नाहीये. जे बोलून गेले ते परत गिळता येणार नाही. बारा वर्षांची पोर एकदा उठली, मी तर चाळिशीत उठले, आणि त्याआधी सातवीतही. वाईला गेले की त्या पिसाळांच्या मुलीचा पत्ता काढीन म्हणते. काय बोलणार, माहीत नाही. तिचं नाव मात्र आठवलं आज.

मघाशी नऊच्या सुमारास खाली पायऱ्यांवर खडी पसरल्याचा आवाज आला. बर्फाचा काच झालाय बाहेर. मी कोट चढवून खाली गेले. आजी बादलीतून मुठीमुठीने खडी टाकत होत्या. मी बादली हातात घेतली. माफी मागायचं ठरवून गेले होते, वाक्य नॉर्वेजियनमध्ये मनात जुळवलंही होतं. शेवटच्या पायरीपर्यंत ते आलं नाही.

त्याच बोलल्या. "काल मुलीने टोपी घातली नव्हती. उणे सहा होतं."

"हो," म्हटलं, "उद्या घालेल."