चिमटा सुटला आणि मी अडकलो

रात्री भाकरी-भाजी, वर शतपावली, तरी सकाळी उपाशीपोटी साखर १६८. दोन वर्षं डॉक्टर विचारायचे, "गोड खाता का?" शेवटी बायकोच बोलली, "हे घोरता घोरता मध्येच गप्प होतात. मी हलवते तेव्हा कुठे श्वास घेतात." डॉक्टरांनी मानेचा घेर मोजला आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची चाचणी, लिहून दिली. श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, शरीर दचकतं, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल वाढतं, लिव्हर साखर सोडतं आणि इन्सुलिनला कोणी जुमानत नाही. म्हणजे मी जिलबी न खाताच बदनाम.

चाचणी घरीच होती. चाचणी केंद्राचा मुलगा छातीला पट्टा, नाकाशी नळी आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून गेला. पहाटे बघतो तर चिमटा पांघरुणात! रिपोर्ट आला: 'डेटा अपुरा'. पुन्हा करायची तर पुन्हा पूर्ण पैसे.

काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, चिमटा तुमच्याकडून सुटलाय." म्हटलं, अहो, झोपलेला माणूस चिमट्यावर पहारा कसा देणार? "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही. साहेब गुरुवारी येतील." गुरुवारी साहेब नव्हते. पुढच्या गुरुवारीही नव्हते. तिसऱ्या खेपेला तिथेच खुर्चीत माझा डोळा लागला आणि मी असा घोरलो म्हणे, की आतून टेक्निशियन बाहेर आला. त्याने पहिला प्रश्न केला, "चिमट्यावर टेप लावली होती का?" नव्हती. मग अर्ध्या पैशांवर तडजोड झाली. त्यामुळे सांगतो, टेप समोर लावून घ्या आणि डेटा अपुरा आला तर पैसे कोणाचे, हे आधीच विचारा. बायकांनी त्या बोटाचं नेलपॉलिश काढावं.

दुसरा रिपोर्ट: श्वास तासाला ३४ वेळा अडतो. ३० पासून पुढे तीव्र. सीपॅप मशीन आलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. पहिला आठवडा सोंड लावून झोपल्यासारखं वाटलं. आता रात्री लघवीला तीनदाऐवजी एकदाच उठतो, उपाशीपोटी साखर १४०च्या आसपास असते. मी खूश, पण डॉक्टरांनी लगेच बजावलं: त्याच महिन्यात गोळीही बदलली होती, आणि मशीनमुळे सगळ्यांचीच साखर उतरते असं नाही. गोळ्या चालूच.

हो, आणि मशीनच्या हवा ओलसर करणाऱ्या टाकीत नळाचं पाणी नको, डिस्टिल्डच घाला.

त्या अर्ध्या पैशांची पावती मात्र अजून मिळालेली नाही. साहेब गुरुवारी येणार आहेत.